जुनी स्पोर्ट्स कार परत येणार म्हणतात. ती कुठल्या गाडीच्या पोटी जन्मणार?

प्रश्न आमच्या बडोद्यातल्याच एका तरुणाने विचारला आहे. वय एकतीस, नोकरी नंदेसरीला, लग्न अजून ठरायचं आहे. त्याच्या गाडीवेड्या मित्रांमध्ये महिनाभर एकच वाद चालू आहे: एमजी कंपनी साठच्या दशकातल्या आपल्या एमजीबी या गाडीसारखी छोटी, हलकी, कापडी टपाची पेट्रोल गाडी पुन्हा काढेल की नाही. निम्मे म्हणतात, कारखाना हालोलला, म्हणजे आपल्या दारातच आहे, आज ना उद्या काढणारच. बाकीचे म्हणतात, एमजीची विजेवरची उघडी सायबर्स्टर आली की, आता आणखी कसली वाट बघायची. अशात अहमदाबादला १९६७ सालची एक एमजी मिजेट विकायला निघाली आहे, कागदपत्रं पूर्ण. त्याने लिहिलंय, "काका, साठवलेले पैसे धरून नवीची वाट बघू की मिजेट घेऊन टाकू?"

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी जुन्या गाड्या दुरुस्त करून उभ्या करतो, चौतीस वर्षं झाली. त्याआधी दांडिया बाजारात एका उस्तादांच्या हाताखाली अॅम्बेसेडरची इंजिनं बांधायला शिकलो. त्यामुळे माझं उत्तर गाडी खालून बघणाऱ्या माणसाचं आहे. कंपनीच्या मनात काय आहे ते कंपनीला ठाऊक. पण अशी गाडी कशातून निर्माण होते आणि पुढे पन्नास वर्षं कशामुळे चालत राहते, हे मी हाताने उलगडून पाहिलं आहे.

आधी प्रश्नाची गाठ सोडवू. "परत येणं" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. नाव परत येणं ही एक. नाव कंपनीच्या मालकीचं असतं, मनात आलं की कुठल्याही गाडीवर लावता येतं. गाडी परत येणं ही दुसरी, आणि त्यासाठी ती पूर्वी ज्या घरात जन्मली तसं घर आज असावं लागतं. तुमचे काही मित्र पहिल्या गोष्टीबद्दल बोलतायत, काही दुसऱ्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून वाद संपत नाही.

आता "घर" म्हणजे काय ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. परवडणारी स्पोर्ट्स कार कधीच कोऱ्या कागदावर जन्मली नाही. ती जन्मली साध्या, घरगुती गाडीच्या पोटी. एमजीचा तर पायाच तो. मॉरिस गॅरेजेस हे ऑक्सफर्डमधलं विक्री-दुरुस्तीचं दुकान. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉड्या चढवायला सुरुवात केली. एमजी ही दोन अक्षरं त्या दुकानाचीच. १९२८ मध्ये दाखवलेली पहिली मिजेट मॉरिस मायनरच्या चासीवर होती आणि इंजिनही मायनरचंच, ८४७ सीसीचं. डॉक्टर, कारकून, शिक्षक ज्या गाडीतून कामाला जात, तिच्याच हाडांवर ही धावणारी गाडी उभी होती.

आपल्याला जवळचं उदाहरण द्यायचं तर १९५५ ची एमजीए. तिचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आणि आपल्या अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं. बोअर (सिलेंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९, दोन्हीकडे तेच माप. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन आणि मोकळा श्वास घेणारं हेड, एवढा फरक. पुढे १९६२ ला एमजीबी आली तेव्हा हेच इंजिन १७९८ सीसीपर्यंत वाढवलं. पिस्टन रुंद झाले, स्ट्रोक मात्र ८८.९ च राहिला.

१९९६ साली राजकोटहून एक एमजीए ट्रकवर टाकून माझ्याकडे आली. तोवर एमजी मी फक्त चित्रात पाहिली होती. मालक घाबरलेले, मीही मनातून साशंक. इंजिनाखालचं तेलाचं भांडं उतरवलं, बाजूचं टॅपेट कव्हर काढलं आणि पोटातली भीती निघून गेली. हे तर माझ्या ओळखीचं इंजिन! ज्या इंजिनावर मी सोळाव्या वर्षी पॅकिंग कापायला शिकलो तेच. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि ऑइल पंपाचे भाग मी रावपुऱ्यातल्या दुकानातून अॅम्बेसेडरचे म्हणून आणले आणि ते बसले. विलायतेहून पार्सल यायची वाट बघावी लागली ती काचेच्या चौकटीसाठी, दिव्याच्या कड्यांसाठी, दिसणाऱ्या गोष्टींसाठी. चालणारी गाडी बडोद्यातच पूर्ण झाली. ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी मला कळलं की एमजी ही परकी गाडी नाही, ती अॅम्बेसेडरची धाकटी, चपळ बहीण आहे.

तुमची अहमदाबादची मिजेटही तशीच. ही मिजेट आणि तिची जुळी ऑस्टिन-हीली स्प्राइट ज्या आराखड्यावर आहेत, त्यात पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए३५ चं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं, इंजिन ए-सिरीज, जे मायनरमध्येही होतं आणि मिनीतही. १९६७ च्या गाडीत ते १२७५ सीसीचं असायला हवं. आणि ट्रायम्फ स्पिटफायर? ती आपल्या स्टँडर्ड हेराल्डच्या चासीला आखूड करून केली होती. हेराल्ड मद्रासला बनत होती, अॅम्बेसेडर उत्तरपाड्याला. (हिंदुस्थान मोटर्सची सुरुवात आपल्या गुजरातेतल्या ओखा बंदरातून झाली, १९४२ साली. इथली माणसंही हे विसरलेली असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.) म्हणजे दोन नामवंत स्पोर्ट्स कारचे आईबाप आपल्या देशात घरोघर होते. मूल मात्र इथे कधी झालं नाही. साधी गाडी मिळायलाच लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत होते, तिथे दोन माणसांची गाडी कोण काढणार, आणि कुणाच्या परवान्यावर?

म्हणून "अमुक गाडी परत येणार" असं कुणी म्हटलं की मी एकच गोष्ट विचारतो: ती आजच्या कुठल्या साध्या गाडीच्या पोटी जन्मणार?

हा प्रश्न घेऊन आजवरच्या पुनर्जन्मांकडे बघा. एमजीनेच दोनदा करून पाहिलं. अॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला आणि एमजीबी संपली. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या साच्यांवर एमजीबीची बॉडी पुन्हा काढायला सुरुवात केली, म्हणजे मूळ मालकांना नवा पत्रा मिळू लागला. त्याच पत्र्याच्या आधारावर १९९३ ला आरव्ही८ आली. मोठं व्ही८ इंजिन, आत लाकूड-चामडं, मागच्या चाकांना मात्र त्याच जुन्या पाट्यांच्या स्प्रिंगा. सुमारे दोन हजार गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. सुंदर गाडी, पण तिच्यामागे कुठलीही चालू साधी गाडी नव्हती. ती आठवण होती आणि आठवणीच्या किमतीला विकली गेली.

दुसरा प्रयत्न १९९५ चा, एमजीएफ. दिसायला एमजीबीसारखी अजिबात नाही, इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पण बघा, इंजिन रोव्हरच्या साध्या गाड्यांचं के-सिरीज, पुढची-मागची सबफ्रेम रोव्हर मेट्रोची, सस्पेन्शन मेट्रोचं हायड्रागॅस, म्हणजे वायू आणि द्रवावर चालणारं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या घरगुती गाडीचा संच उचलून मागे ठेवला. किंबरसाहेबांनी मॉरिसशी जे केलं तेच हे. के-सिरीजच्या हेड गॅस्केटचं दुखणं जगजाहीर आहे, ते मी झाकत नाही. तरीही माझ्या हिशेबाने खरा पुनर्जन्म एमजीएफ, आरव्ही८ नव्हे. तुमचे मित्र यावर माझ्याशी भांडतील, भांडू द्या.

बाकी कंपन्यांचं थोडक्यात. रेनोच्या घराण्यातली अल्पाइन ए११० पूर्वी रेनो ८ च्या भागांवर उभी होती. २०१७ ला नवी आली तेव्हा त्यांनी जुनं नाव, जुना चेहरा तर आणलाच, पण वजनही अकराशे किलोंच्या आसपास रोखून धरलं, आणि हेच सगळ्यात अवघड. टोयोटाची सुप्रा २०१९ ला परत आली ती बीएमडब्ल्यूच्या झेड४ बरोबर भागीदारीत, एकाच कारखान्यात, ऑस्ट्रियातल्या ग्राझला. जपानी चाहते हळहळले, पण भागीदारी नसती तर गाडीच नसती. फियाटची १२४ स्पायडर २०१६ ला परत आली ती माझदाच्या एमएक्स-५ च्या अंगावर आणि बनली हिरोशिमाला. आणि ही एमएक्स-५ स्वतः १९८९ मध्ये कशातून स्फुरली? एमजीबी आणि लोटस एलानसारख्या इंग्रजी उघड्या गाड्यांतूनच. इंग्रजांनी बंद केलेलं दुकान जपान्यांनी चालू ठेवलं. आजही ती हजार किलोंच्या अवतीभवती आहे. म्हणजे हलकी गाडी आज होतच नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. होते, पण दहा लाखांहून जास्त गाड्या विकायची आणि पस्तीस वर्षं तीच गोष्ट करत राहायची तयारी लागते.

आता सायबर्स्टर. मी तिच्यात बसून आलोय, वर उघडणारी दारं लावून-काढून पाहिली आहेत. २०२१ ला ती नमुना म्हणून दाखवली, भारतात २०२५ च्या जुलैत आली, पूर्ण तयार होऊन आयात होते, किंमत पाऊण कोटीच्या आसपास. दोन मोटरच्या गाडीला पाचशेहून जास्त अश्वशक्ती आहे. शंभराचा वेग सव्वातीन सेकंदांत. कारागिरी चांगली आहे, मनापासून सांगतो. पण वजन दोन टनांच्या जवळ. एमजीबी साडेनऊशे किलोंच्या आसपास, तुमची मिजेट सातशे. सातशे किलोंची गाडी पावागढच्या पायथ्याच्या वळणांवर साठच्या वेगात तुम्हाला जे सांगते, ते दोन टनांची गाडी दीडशेच्या वेगाखाली सांगत नाही. आणि दीडशेचा वेग त्या रस्त्यावर धरू नये. सायबर्स्टर ही लांबच्या रस्त्याची ऐटबाज गाडी आहे. एमजीबीची वारसदार म्हणण्यापेक्षा तिला वेगळं घर मानावं.

मित्रांतला आणखी एक मुद्दा लवकर आटपतो: "ती आता चिनी कंपनी, खरी एमजी कुठे राहिली?" एमजीचे मालक इतक्या वेळा बदलले आहेत की हा प्रश्न १९५० च्या दशकापासून विचारता येईल. मॉरिस, बीएमसी, ब्रिटिश लेलँड, रोव्हर, मध्ये बीएमडब्ल्यू, मग २००५ चं दिवाळं, नानजिंग आणि शेवटी साइक. इथे भारतात आता जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे. मालकाचं पारपत्र बघून गाडी जोखता येत नाही. गाडी उलगडून जोखावी.

मग हालोलमधून तुमच्या मनातली गाडी निघेल का? हालोलचा कारखाना मी ओपल अॅस्ट्राच्या काळापासून ऐकत आलोय. जनरल मोटर्सचं उत्पादन तिथे २०१७ ला थांबलं, एमजीने जागा घेतली, २०१९ ला हेक्टर निघाली. आज तिथल्या साध्या गाड्या कुठल्या? हेक्टर, अॅस्टर, आणि विजेवरच्या कॉमेट, विंडसर. माझा प्रश्न इथे लावा. हेक्टरच्या पोटी एमजीबी जन्मेल? उंच, जड गाडी, तिची हाडंच वेगळी. तिचा टप कापून चालत नाही. विंडसरच्या पोटी? विंडसरला एकशे छत्तीस अश्वशक्तीची मोटर आहे, एमजीबीला पंच्याण्णव होती. कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॉट-तासांची, म्हणजे लहान, हलकी. कुणी विंडसरची मोटर, मधल्या मापाची बॅटरी आणि दोन माणसांची बुटकी बॉडी असा संच बांधला, दोनशे किलोमीटर चालली तरी पुरे असं ठरवलं, तर ती माझ्या मते सायबर्स्टरपेक्षा जास्त खरी एमजी होईल. पेट्रोल नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटेल. पण किंबर आज असते तर दारात उभी असलेली साधी गाडीच त्यांनी उचलली असती, आणि आज दारात ती विजेवरची आहे.

होईल का ते? परिस्थितीवर आहे. दोन माणसांची गाडी आपल्याकडे दुसरी-तिसरी गाडी म्हणूनच घेतली जाते. गोव्यात सॅन स्टॉर्म निघाली होती, फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. धाडसी गाडी, पण इतकी कमी खपली की आजच्या मुलांना नावही माहीत नसतं. एमजीबी पाच लाखांहून जास्त निघाल्या त्या इंग्लंडच्या जोरावर नव्हे, अमेरिकेच्या. बाहेरची मोठी बाजारपेठ मिळाली तरच कारखाना असा वेगळा साचा बनवतो. नियमांचंही ओझं आहे. टक्कर झाली तर माणूस वाचावा म्हणून जे पोलाद, ज्या एअरबॅग लागतात, त्यांच्या वजनाला माझा विरोध नाही. माझ्या धंद्यात मी स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसलेल्या जुन्या गाड्या पाहिल्या आहेत. एमजीबीलाही हे चुकलं नव्हतं: १९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर लावले, गाडी इंचभर वर उचलली, आणि वळणावरची तिची पकड तिथेच बिघडली. नियम बदलले की गाडी बदलते, तेव्हाही आणि आताही.

इथवरचं दोन वाक्यांत: एमजी हे नाव असलेली उघडी गाडी आलेली आहे आणि आणखीही येईल. हलकी, स्वस्त, पेट्रोलवरची एमजीबी मात्र येणार नाही असं मी धरून चालतो, कारण ती ज्या साध्या गाड्यांतून जन्मायची त्या गाड्याच उरल्या नाहीत.

आता तुमच्या पैशांचं. थांबण्यात नुकसान काय? पैसे बँकेत आहेत, वाढतायत, हे बरोबर. पण समजा पाच वर्षांनी एखादी पुनर्जन्म घेतलेली गाडी आली आणि तुम्ही घेतली. पुढे तिला वीस वर्षं कोण सांभाळणार? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझ्या कारखान्यात येणाऱ्या निम्म्या दुःखांचं मूळ तोच आहे.

एक गृहस्थ आहेत, आणंदजवळ राहतात. त्यांनी बारा वर्षांची आयात केलेली दोन सीटची गाडी हौसेने घेतली, घडी होणाऱ्या पत्र्याच्या टपाची. एका पावसाळ्यात टप अर्धा उघडून अडकला. बिघडली होती ती तळहाताएवढी एक पेटी, टपाच्या मोटरना हुकूम देणारी. यांत्रिक भाग सगळे ठणठणीत. विक्रेत्याने सांगितलं, हा भाग आता बनत नाही. जुन्या गाडीतून काढलेली पेटी परदेशातून मागवली तर ती या गाडीच्या कॉम्प्युटरला ओळख देईना. चार महिने गाडी ताडपत्रीखाली उभी होती. शेवटी मी टप हाताने बंद करून कायमचा बोल्ट केला. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. उघडी गाडी घेतली होती, बंद गाडी घेऊन गेले.

आणि दुसरी बाजू. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा माझ्या कारखान्यात एका गिऱ्हाइकाची हेराल्ड होती, दीड दिवस पाण्यात, सीटच्या वर पाणी. पाणी ओसरल्यावर मी ती सुरू करून बघितली नाही, आधी प्लग काढले, सिलेंडरमधलं पाणी हाताने फिरवून बाहेर काढलं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, तिन्हींचं तेल दोनदा बदललं. डायनॅमो आणि स्टार्टर उघडून वाळवले, ब्रेकचे ड्रम साफ केले, गालिचे फेकले. सतराव्या दिवशी ती स्वतःच्या ताकदीवर बाहेर गेली. त्याच गल्लीतल्या तीन वर्षांच्या दोन गाड्या विमा कंपनीने भंगारात काढल्या, कारण सीटखालच्या कंट्रोल पेट्या आणि वायरिंग बदलायचा खर्च गाडीपेक्षा जास्त निघाला. हेराल्ड श्रेष्ठ आणि नवी गाडी वाईट, असं मी म्हणत नाही. पण जी गाडी पाना-पक्कड घेऊन उघडता येते, ती मालकाच्या हाती राहते, कंपनीच्या मर्जीवर राहत नाही.

मिजेट, एमजीबी, स्पिटफायर आज जगात इतक्या संख्येने चालतात याचं कारण हेच. भाग साधे, सामायिक, अजून बनणारे. इंग्लंडमधल्या दुकानदारांकडे मिजेटचा किंगपिनपासून (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खांब) टपाच्या बटनापर्यंत प्रत्येक भाग मिळतो. येताना जकात लागते, वेळ लागतो, पण मिळतो.

म्हणून माझं मत: वाट बघू नका, मिजेट बघायला जा. घ्याच असं म्हणत नाही. हे मी तीन गोष्टी धरून सांगतोय. तुमच्याकडे बंद, कोरडी जागा आहे, रोजच्या जाण्यायेण्याला दुसरं वाहन आहे, आणि खरेदीच्या रकमेइतकीच रक्कम पुढच्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवता येते. लग्न तोंडावर आहे आणि घराचा हप्ता सुरू व्हायचा आहे असं असेल तर ही गाडी आत्ता घेऊ नका. घरच्यांच्या मनात अढी असलेली गाडी कधी पूर्ण होत नाही, हे मी कितीतरी पाहिलं आहे. घेण्याआधी होणाऱ्या जोडीदाराला एकदा त्यात बसवा.

कागदपत्रांचं आधी. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी केंद्राचे २०२१ चे नियम आहेत. नव्याने व्हिंटेज नोंदणी केली तर व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, फी वीस हजार, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरणाला पाच हजार. मात्र मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमची गाडी यातल्या कुठल्या खान्यात आहे ते विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका, आरटीओत जाऊन चासी नंबर जुळवून घ्या. इंजिन नंबर जुळत नसेल तर घाबरू नका, पन्नास-साठ वर्षांत इंजिन बदललेलं असतं. कागदावर तो बदल चढलेला आहे का, ते बघा.

मग गाडी. रंग आणि आवाज शेवटी, आधी पत्रा. मिजेटला वेगळी चासी नाही, दाराखालच्या पेट्या, ज्यांना आम्ही सिल म्हणतो, त्या तिचा कणा आहेत. अहमदाबादची हवा कोरडी म्हणून गंज नसेल असं धरू नका, गाडी त्याआधी मुंबईला किती वर्षं होती कुणास ठाऊक. खिशात लोहचुंबक ठेवा, पातळ कापडात गुंडाळून, रंगाला ओरखडा नको. सिलवर इंचाइंचाला लावत जा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दाराचा पुढचा खांब आणि मागचे पाटे जिथे बॉडीला मिळतात ती जागा टॉर्च घेऊन बघा, गालिचा उचलू द्यायला विक्रेता तयार नसेल तर चहा पिऊन परत या. त्यानंतर जॅक सिलमधल्या ठरलेल्या जागी लावून चाक उचला आणि दाराची फट बघा. फट बदलली, दार उघडताना घासू लागलं, तर गाडी मधून वाकते आहे. अशा गाडीच्या पत्र्याला माझ्याकडे दीड ते अडीच वर्षं जातात. दोन वर्षांपूर्वी एकाने चकाकणारा लाल रंग बघून अशीच एक आणली. सिल कापल्यावर आत वर्तमानपत्राचा लगदा आणि वर पुट्टी निघाली. सव्वीस महिने लागले.

पुढची चाकं उचलून वर-खाली हलवा. किंगपिनच्या खालच्या पिनला आटे असतात, दर हजार मैलांना ग्रीस मागतात, आणि भारतात बहुतेकांनी ते कधी दिलेलं नसतं. खेळ असला तर किंमत कमी करून मागा, ते काम होण्यासारखं आहे. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत दात जुळवून देणारी रचना) नाही, म्हणून तो थांबल्यावरच टाका, कुरकुरला तर दोष तुमचा. दुसरा कुरकुरला तर दोष गिअरबॉक्सचा. इंजिन वीस मिनिटं चालवून गरम झाल्यावर ऑइलच्या दाबाचा काटा बघा. चालताना चाळीसच्या वर आणि थांबल्यावर वीसच्या आसपास असेल तर मी ते इंजिन उघडणार नाही. खाली तेलाचे दोन-चार थेंब पडतील. या इंजिनाला मागच्या बाजूला खरं सीलच नाही, तेवढे थेंब जन्मापासूनचे. थेंबांऐवजी थारोळं असेल तर मला फोटो पाठवा.

जायचं ठरलं तर रविवारी सकाळी जा आणि विक्रेत्याला आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करा आणि मगच किल्ली फिरवायला सांगा.